समुद्रात हरवलेला मंगळवार

भिलाईतल्या पहिल्याच सकाळी लख्ख उजेडाने जाग आली आणि मी घड्याळाला दोष दिला. घड्याळ बरोबर होतं. भिलाई आमच्या नाशिकच्या साडेसात रेखांश पूर्वेला. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथे अर्धा तास आधी येतो. जन्मभर भूगोल शिकवला मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

भाऊजींनी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) केला होता. ताई गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. खाताना त्यांनी मनातलं काढलं. गेल्या महिन्यात मंगळवारी ताईचं वर्षश्राद्ध झालं. माझा भाचा नितीन मालवाहू जहाजावर, अमेरिकेहून जपानला निघालेला. त्याने तिकडेच उपास करायचं ठरलं होतं. नंतर फोनवर म्हणाला, जहाजावर सोमवारनंतर एकदम बुधवार आला. भाऊजींनी फोन ठेवला, तो ठेवलाच; पुन्हा लावला नाही.

"कारखान्यात जन्मभर हजेरी लिहिली मी, सुमन," ते म्हणाले. "मंगळवार नाही म्हणजे माणूस गैरहजर. मायच्या दिवशी बहाणे करून राहिला."

मी त्यांना सुपेल्याच्या बाजारात नेलं. गर्दीत रिक्षा अडकली, म्हणून उतरून चालत गेलो आणि टरबूज (आपलं कलिंगड) आणलं. घरी ते पुढ्यात ठेवून मी समजावलं: देठापासून खालपर्यंत गेलेले पट्टे म्हणजे रेखांश. पश्चिमेला जाणारं जहाज सूर्यामागे धावतं, म्हणून अधूनमधून घड्याळ तासभर मागे घेतात. तो दिवस पंचवीस तासांचा. पृथ्वीची फेरी पुरी झाली की जादा तासांचा अख्खा दिवस होतो. म्हणून पॅसिफिकमध्ये एक रेघ मानली आहे. ती पश्चिमेकडे ओलांडली की एक तारीख गाळायची.

भाऊजी बराच वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिले. "मी मंगळवारी नाइट पाळीले जावो, बुधवारी सकाळी घरी येवो. हजेरी एकाच तारखेची लागे," ते म्हणाले. "म्हणजे तारीख आपणच लावतो. पोराले मंगळवार तासातासानं भेटला."

दुपारी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा धरला.

"बाबा, उस दिन पूरी बात कहाँ सुनी आपने," नितीन म्हणाला. "आईचा दिवस कोणता धराव समजेना. मी सोमवारीबी उपाशी राहिलो, बुधवारीबी."

भाऊजींचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "आज जेवला का?"

परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटली. ती रेघ मी किती वर्गांच्या फळ्यावर काढली असेल. तिच्यापाशी एखादं पोर आईसाठी दोन दिवस उपाशी बसलं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.