सरांचा पूर्वपक्ष

आमच्या सरांना विरुद्ध बाजूची वकिली करण्याची भारी हौस. जे मत त्यांना मुळीच मान्य नसे, ते वर्गात आधी इतकं रंगवून मांडत, की मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवत. मग पाणी पिऊन, चष्मा पुसून, त्याच मताच्या चिंध्या करत. जुन्या शास्त्र्यांची रीत ही: आधी पूर्वपक्ष, मग खंडन. रायपूरच्या कॉलेजात हिंदीतून समाजशास्त्र शिकवणाऱ्या या मराठी माणसाला सगळे 'पूर्वपक्ष सर'च म्हणत.

त्यांचा जन्माचा विषय एकच: संस्कृती एकमेकींशी का भांडतात? काही विद्वानांच्या मते त्यांची टक्कर अटळ. काहींच्या मते भांडण असतं जमिनीचं, नोकरीचं; धर्म आणि भाषा हा वरून लावलेला झेंडा. सरांना दोन्ही अपुरं वाटे. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्या न संपलेल्या पुस्तकाची टायपिस्टही. घरी मला मराठीतून सांगायचे, "टक्कर अटळ म्हनता, तर सदर बाजारात इतकी वर्षं दुकानाले दुकान लावून साऱ्या धर्मांचे लोक कसे बसून राहिले? अन् सारं पोटाचंच आहे, तर सोताचं दुकान जळीन हे दिसूनही मानूस दंग्यात काहून जाते?" मग चहा गार होईपर्यंत कागदावर खाडाखोड करत बसायचे. असे गार चहा मी पुष्कळ प्यायले.

सरांची बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी मीनल. तिनं दुसऱ्या धर्माचा मुलगा पसंत केला, तेव्हा आम्हाला वाटलं, याहून समजूतदार बाप तिला कुठून मिळणार! मुलाचे वडील सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात फोरमन. ते बायको-मुलासह बोलणी करायला आले. पोहे मी केले होते. त्या भल्या माणसानं विचारलं, "भाई साहब, आपको कोई एतराज तो नहीं?"

आणि सरांनी पूर्वपक्ष सुरू केला.

अगदी ओघवत्या हिंदीत. दोन रीती एका छपराखाली नांदत नाहीत, मुलं धड इकडची ना तिकडची होतात, रक्त शेवटी आपल्याकडेच ओढतं. पुढे खंडन येणार हे ठाऊक असल्यामुळे मी स्वयंपाकघराच्या दारात निर्धास्त उभी. पाहुण्यांना ही रीत कोण सांगणार? सरांनी पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात फोरमन उठले, हात जोडून "समझ गए" म्हणाले. मीनल त्यांच्यामागोमाग पायऱ्या उतरली. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. आजही स्वतःचा राग येतो.

लग्न झालं, सर गेले नाहीत. म्हणत, "माझं अर्धंच झालं होतं व." मी म्हणायची, "मग उरलेलं सांगून या ना, सर." "हव, जातो. आधी नीट मांडू दे." सात वर्षं ते कागदावर मांडतच राहिले आणि गेल्या हिवाळ्यात गेले.

तेराव्यानंतर मी मीनलला ते खंडनाचे कागद दिले. म्हटलं, "त्या दिवशी जरा थांबली असतीस तर? ते सगळं खोडून काढणार होते."

तिनं कागद उघडले नाहीत. म्हणाली, "मले माहीत होतं दीदी. पूर्वपक्ष ऐकतच तर मोठी झाली मी. घरी रोज नाटकासारखा करायचे. त्या दिवशी मात्र नाटक नव्हतं. बाबा मनातलं बोलून राहिले होते."

सात वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सरांच्या मात्र रोज येत असावं.