दोन घरांचं बाकडं

कॉलेजात भंगार शिकवतात, ही बातमी आमच्या गावात पसरली ती माझ्यामुळेच. मी मुंबईला फर्निचर डिझाइन शिकत होते, वसईजवळच्या याच गावातून रोज जाऊन-येऊन. शेवटच्या वर्षी गावच्या मंडळाने शाळेच्या मैदानावर तीन दिवसांचा कला महोत्सव ठरवला आणि आमच्या सरांनी तिथली बसायची सोय आमच्या वर्गाकडून करून द्यायचं कबूल करून टाकलं. गावातलं मोडकं लाकूड गोळा करायचं, त्यातून बाकडी-स्टुलं करायची, आणि त्यावर आमचे मार्क.

झालं! वर्गातले मुंबईचे सहा जण झोळ्या अडकवून आले. त्यातल्या दाढीवाल्याने आल्या आल्या केळीच्या बागेत शिरून "काय टेक्श्चर आहे!" म्हणत खोडाला मिठी मारली. केळीचा डाग जात नाही हे त्याला कोण सांगणार? दोन दिवस बिचारा नवा पांढरा कुडता विहिरीवर घासत होता, आणि गावातल्या बायका पाणी भरायचं सोडून बघत होत्या.

हातगाडी घेऊन घरोघरी फिरायला मी गेले नाही. मुद्दामच गेले नाही. कारण वाटेत काकाचं घर लागतं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, घर आमच्यापासून पन्नास पावलांवर. माझ्या हातात पहिली पेन्सिल त्याने दिली आणि रंधा कसा धरायचा तेही त्यानेच शिकवलं. सहा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. वाडी वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, नारळ मोजून झाले, सगळं गोडीगुलाबीने. शेवटी राहिलं ओटीवरचं लांब सागवानी बाकडं. ते दोघांनाही हवं होतं. पंच म्हणाले, एकाने बाकडं घ्या, एकाने कपाट घ्या. छे! दोघांनी मिळून करवत आणली आणि बाकडं मधोमध कापलं. दोन पायांचं बाकडं उभं राहतं का कुठे? आमचा तुकडा दगडांवर टेकवून त्यावर आईने लोणच्याच्या बरण्या मांडल्या, त्यांच्या तुकड्यावर कोंबड्या बसायच्या. त्या दिवशी बाबांनी बजावलं, "त्या घराची पायरी कोणी चढायची नाही." मी चढले नाही. पण काकाच्या दारावरून जाताना रोज मान खाली घालावी लागायची, आणि मला फार वाईट वाटायचं. मला माझा काका परत हवा होता, दुसरं काही नाही.

वर्ग गावात आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी बाजारातून लोखंडी पट्ट्या घेऊन आले, तर शाळेच्या पडवीत सगळे नाचत होते. "बघ! दोन वेगवेगळ्या घरांतून आणलेले तुकडे, आणि लाकडाच्या रेषा जुळतात! काय योगायोग!" समोर आमचं बाकडं चार पायांवर उभं होतं. आमच्या सरांना जोड लपवायचा नसतो, मिरवायचा असतो, म्हणून दाढीवाल्याने जोडावर लालभडक पट्टा रंगवला होता.

मी पट्ट्या तिथेच टाकून घरी पळाले. आईला विचारलं तर म्हणाली, "मला जागा हवी होती बाई बरण्यांना." बरण्या तर जमिनीवर मांडलेल्या होत्या. काकीनेही त्याच सकाळी आपला तुकडा काढून द्यावा, याबद्दल माझा त्या दोघी जावांवर आजही संशय आहे. जोड काढून टाका म्हणावं तर मार्क जाणार, ठेवावं तर बाबा. मी ठेवलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हाव मोठी होती.

महोत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी सगळ्या स्टुलांवर माणसं बसली, या बाकड्यावर मात्र कोणी टेकेना. सगळा गाव समोर उभा राहून तोंडावर पदर-रुमाल धरून बघत होता. "लोक किती विचार करतायत!" सर मला म्हणाले. मग एका बाजूने बाबा आले आणि दुसऱ्या बाजूने काका. गाव दोन पावलं मागे सरला. बाबांनी लाल पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"वाकडं कापलंय," ते बाकड्याला म्हणाले.

"वाकडं तू ओढत होतास," काका म्हणाला. "मी करवत सरळ धरली होती."

"तू? सरळ? तुला कधी सरळ धरता आली?"

"मग बघ ना इकडून!" म्हणत काका आपल्या अर्ध्यावर जाऊन बसला, आणि बाबा तावातावाने दुसऱ्या अर्ध्यावर. करवतीवरून विहिरीच्या पाळीवर आले, पाळीवरून लहानपणीच्या कुठल्याशा पतंगावर. मी घाबरून आईकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत होती. "भांडतायत गं," ती म्हणाली. "सहा वर्षांत भांडलेसुद्धा नव्हते."

महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी सरांनी बाकडं कॉलेजात ठेवायला मागितलं. "नाही!" दोघे एका सुरात ओरडले. सागवान ते, एकट्याने उचलेना. बाबांनी पुढून धरलं, काकाने मागून, आणि मी हातोडी-खिळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्या मागे. आता कुठे नेणार, पुन्हा करवत काढणार की काय, कोण जाणे.

काकाचं घर आधी लागतं. बाबा थांबले. "ठेव इथे," ते म्हणाले.

"इथे कशाला? मोठा तू. तुझ्या ओटीवर नेऊ."

"माझ्या ओटीवर जागा नाही."

"तेव्हा बरी होती जागा?"

"तेव्हा मूर्ख होतो. ठेव म्हणतो ना!"

"मी नाही ठेवणार!"

बाकडं रस्त्यात टेकवून दोघे भर उन्हात भांडत राहिले, तू घे, तू घे. काकी दारात येऊन उभी राहिली. माझ्या घशाला कोरड पडली होती. बाबांच्या डोळ्यांदेखत मी काकाच्या घराची पायरी चढले आणि म्हणाले, "काकी, पाणी दे गं."

मागचं 'तू घे, तू घे' थांबलं. मला वळून बघायचा धीर होईना.

"मलापण आण," बाबा म्हणाले. "तांब्या भरून आण."