माझा निरोप समारंभ

फोटो काढून झाला आणि मॅडमनी माझ्या खांद्यावरची शाल उचलली. कानाशी वाकून म्हणाल्या, "पाहुण्यांबरोबर एक जण जास्त आलेत गं. शाल कमी पडतेय. तुला नंतर देते."

माझ्यासमोर तिची घडी घातली. तीच शाल एका गोदामवाल्या शेठच्या अंगावर गेली. त्याला शाळेत मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्याची लाज अजून वाटते.

समारंभ माझ्या निवृत्तीचा होता. भिवंडीतल्या एका शाळेत मी चोवीस वर्षं शिपाई. दिघाशीहून पहिल्या एसटीनं यायचं, कुलूप उघडायचं, वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, घंटा द्यायची. आमच्या घरात नोकरीतून निवृत्त होणारी मी पहिलीच. म्हणून नवरा, मुलगी, जाऊ, सगळे नवे कपडे घालून आलेले. शेवटच्या रांगेत बसलेले. त्यांनी सगळं बघितलं.

दुसऱ्या कुणी केलं असतं तर गिळलं असतं. पण या मॅडम! आता मुख्याध्यापिका झाल्यात. नव्या लागल्या तेव्हा त्यांची सायली तीन महिन्यांची होती. घरी सांभाळायला कुणी नाही. त्या वर्गात शिकवायच्या आणि मी मागच्या खोलीत सायलीला मांडीवर घेऊन बसायची. तिचे लंगोट मी धुतले. तेव्हा माझा हात धरून रडल्या होत्या. "तू माझी सख्खी बहीण," म्हणाल्या होत्या. मी खरं मानलं. इतकी वर्षं.

मग त्यांचं भाषण. "मावशी म्हणजे आमच्या कुटुंबातल्याच." पुन्हा टाळ्या. भाषण संपवून खाली उतरल्या आणि मला म्हणाल्या, "आता चहाचं बघ. पाहुणे खोळंबलेत."

पाय सवयीनं उठले. ट्रे उचलला. पाहुण्यांपर्यंत गेले. तेवढ्यात माझ्या मुलीनं मान खाली घातलेली दिसली.

ट्रे टेबलावर ठेवला. पहिल्या रांगेत, माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

"समारंभ माझा हाय," मी म्हटलं. "चहा मी देणार न्हाय. मला कोण देतंय ते सांगा."

मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "तमाशा करू नकोस. चारचौघांत शोभतं का हे?"

"शाल चारचौघांतच काढलीत ना?"

मला कुणी चहा दिला नाही. ट्रेमधल्या चहावर साय धरली. कार्यक्रम संपेपर्यंत मी बसून राहिले. राष्ट्रगीताला उभी राहिले. मग घरच्यांना घेऊन निघाले.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन. सायलीचं लग्न. "दोन दिवस आधी ये. घरचंच कार्य आहे."

दोन दिवस आधी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या वास्तुशांतीला गेले होते. सायलीच्या वाढदिवसांना गेले होते. दर वेळी सगळ्या पंगती उठल्यावर मोरीजवळ बसून जेवले होते. घरचंच म्हणून.

"पत्रिका पाठवा," मी म्हटलं. "माझं नाव घालून. पाहुणी म्हणून येते. कामाला न्हाय."

पत्रिका आली नाही. लग्नाच्या दिवशी मी घरात बसून रडले. त्या पोरीसाठी रडले. पण गेले नाही.

ज्या पंगतीत माझं पान नाही, तिथल्या भांड्याला माझा हात लागणार नाही. माझ्या मुलीचाही नाही. कार्य कुणाचंही असो.