गाडी थांबली की उतरणारे भाऊजी

माझे भाऊजी बटणं विकायचे. दुकानात बसून नव्हे, गावोगाव फिरून. पुठ्ठ्यावर टाचलेले नमुने एका चपट्या पेटीत घालून ते शिंप्यांच्या दारात उभे राहत आणि कोटाचं बटण वेगळं कसं, शर्टाचं वेगळं कसं, हे ऐकायला ज्याला वेळ नाही त्यालाही ऐकवत. उभं आयुष्य रेल्वेत गेल्यामुळे जगात दोनच गोष्टींबद्दल त्यांची मतं ठाम होती, बटणं आणि गाड्या. बाकी सगळ्या बाबतीत ते ताईला विचारून बोलत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं, घरी एकटी बसून काय करणार, म्हणून पुष्कळदा तीही फिरतीवर जायची. गाडीत भाऊजींचा एक नेम होता. स्टेशन आलं की उतरायचं, नळावर बाटली भरायची, फलाटावरच्या कुणाशी तरी चार शब्द बोलायचे आणि शिट्टी होऊन गाडी हलली की ऐटीत दांडी धरून चढायचं. गाडी हलायच्या आत चढणं त्यांना कमीपणाचं वाटे. लग्न नवं असताना ताई यावरून रडली होती म्हणे. पुढे तिला सवय झाली. मी एकदा बरोबर होते तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही बाई खिडकीशी निवांत विणत बसली होती. मला दोघांचाही राग आला होता.

सत्तरीच्या आसपास ताईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायला विसरली, मग शेजारणी विसरली, मग माझी पाळी आली. मी इकडे परदेशात मुलाकडे राहते. फोन केला की ती अदबीने विचारायची, आपण कोण बोलताय. मी फोन ठेवून रडायचे, आणि मग स्वतःवरच चिडायचे, कारण रडून काय होणार होतं. शेवटी तिला ओळखू येणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे भाऊजी.

तोही एकदा हातचा जाता जाता राहिला. भाऊजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन रात्री दवाखान्यात होते. परत आले तर ताईने शेजारणीला विचारलं, हे गृहस्थ कोणाकडे आलेत. संध्याकाळपर्यंत ओळख पटली, पण डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन बजावलं, की या वेळी ओळख परत आली, पुढच्या वेळी येईलच असं नाही. नवख्या जागी तर तुम्ही त्यांच्या नजरेआड होऊच नका.

असं असताना हा माणूस तिला घेऊन विमानाने माझ्याकडे आला. मी फोनवर नको नको म्हणत होते. त्यांचं एकच पालुपद होतं, की तुमच्याकडची ती बुलेट ट्रेन हिला दाखवायचीय, ही मला ओळखते आहे तोवर एकदा शेजारी बसून जायचंय. शेवटी मी तीन तिकिटं काढली.

स्टेशन पाहून भाऊजी जरा खट्टू झाले. फलाट लख्ख, कुठे गलका नाही, हमाल नाही, कुणी कुणाला निरोप देत नाही. डब्याचं दार कुठे येणार त्याच्या खुणा जमिनीवर आखलेल्या आणि माणसं त्या खुणांवर मुकाट उभी. गाडी आली तीही आवाज न करता. दार नेमकं खुणेवर आलं तेव्हा भाऊजींनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. गाडी सुटली तेव्हा त्यांना कळलंच नाही. खांब मागे जायला लागले म्हणून कळलं. शिट्टी कशी नाही, असं त्यांनी मला दोनदा विचारलं, जणू काही ती मीच बंद केली होती.

मग मात्र त्यांना रंग चढला. दारावरच्या पाटीत वेगाचा आकडा वाढत होता, तो ते ताईला वाचून दाखवत होते. जवळचं काही दिसतच नव्हतं, नुसते पट्टे. दूरचे डोंगर तेवढे सावकाश सरकत होते. ताई त्यांचा हात धरून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. बोगद्यात कानांत दडे बसले तेव्हा ती घाबरली, भाऊजींनी तिला आवंढा गिळायला सांगितला, तिने गिळला. पलीकडच्या खुर्चीवरून मी हे बघत होते. मला तिने मघाशी पुन्हा "बाई, तुम्ही कुठे उतरणार?" असं विचारलं होतं.

मधलं एक स्टेशन आलं. गाडी थांबली, दार उघडलं. ताईने खिडकीतून फलाट पाहिला आणि तिचा चेहरा एकदम जागा झाला. भाऊजींकडे वळून ती म्हणाली,

"अहो, पाणी संपलंय. भरून आणता ना?"

कित्येक आठवड्यांत ती भाऊजींशी आपणहून असं पूर्ण वाक्य बोलली नव्हती. त्यात ते वाक्य तिचं जुनं, शंभर स्टेशनांवर म्हटलेलं. भाऊजींचे डोळे भरून आले. डॉक्टर, ऑपरेशन, सगळं त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेलं. माझ्याकडे बाटली आहे, असं मी सांगत होते, तोवर ते रिकामी बाटली घेऊन दारापर्यंत पोचलेही होते. भाऊजी, ही गाडी थांबत नाही फार, असं मी ओरडून म्हणाले. आणि आयुष्यात जे ते हजारदा म्हणाले असतील, तेच त्यांनी मला सांगितलं.

"शिट्टी झाली की येतोच."

नळ शोधायला ते वळले आणि त्यांच्या पाठीमागे दार मिटलं. मी धावले, दारावर थापा मारल्या. काचेपलीकडे भाऊजींनी दांडी धरायला हात पुढे केला होता, पण त्या गाडीला बाहेरून दांडीच नाही. मग ते दिसेनासे झाले. जागेवर येऊन बघते तर ताई हसत खिडकीतून हात हलवत होती.

गाडीवरच्या कर्मचाऱ्याने फार समजुतीने घेतलं. पुढच्या स्टेशनवर उतरा, ते मागच्या गाडीने येतील, असं त्याने सांगितलं. एवढ्याशा वेळात आम्ही जिल्हेच्या जिल्हे ओलांडून गेलो. पुढच्या स्टेशनवर मी ताईला फलाटावरच्या बाकावर बसवलं. ती पहिल्यांदा शांत होती. मग तिने इकडे तिकडे पाहिलं आणि माझा हात सोडवून घेतला. तिच्या डोळ्यांतून काहीतरी जाताना मला दिसत होतं आणि मला ते अडवता येत नव्हतं. मी भाऊजींचं नाव घेत राहिले, बटणांच्या गोष्टी सांगत राहिले. तिने त्या परक्याच्या गोष्टी ऐकाव्यात तशा ऐकल्या. मागची गाडी यायला तासही लागला नाही, पण तेवढा वेळही फार झाला.

भाऊजी उतरले ते जवळजवळ पळतच आले. बाटली भरलेली होती, ती कुठून भरली देव जाणे. "हे बघ, आणलं पाणी," असं म्हणत ते तिच्याशेजारी टेकले. ताई बाकाच्या कडेला सरकली आणि मधल्या जागेवर तिने हात ठेवला.

"इथे नका बसू हो. माझ्या मिस्टरांची जागा आहे. पाणी आणायला उतरलेत."

"अगं, मीच तो."

ताईने त्यांना नीट न्याहाळलं. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं बघून ती मऊ आवाजात म्हणाली, "नाही हो. ते तुमच्याएवढे नाहीत. तरुण आहेत."

मी मध्ये बोलणार होते, भाऊजींनी हातानेच थांबवलं. ते उठले आणि तिच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले. फलाटावर आणखी एक गाडी येऊन थांबली आणि गेली. ताई प्रत्येक दारातून उतरणारी माणसं बघत होती. बऱ्याच वेळाने भाऊजींनी तिला विचारलं, उशीर झाला का हो त्यांना.

"होतो त्यांना उशीर," ताई म्हणाली. "पण मला टाकून नाही जायचे ते."

भाऊजींनी मान हलवली. दोघं घरी परत गेल्याला आता सहा महिने होतील. ताई अजून त्यांची वाट बघते आहे, आणि भाऊजी तिच्या समोर बसलेले असतात.