तळटीपमावशींची प्रार्थना

वस्तीत त्यांना सगळे तळटीपमावशी म्हणत. तीस वर्षं कोषागारात कारकुनी केलेल्या बाई. लोक निवृत्तीनंतर गुडघे सांभाळतात, मावशी राज्याचं अंदाजपत्रक वाचत. तेही भाषण नव्हे, पानाखालच्या तळटिपा. "वर देतात, खाली काढून घेतात," एवढंच त्यांचं अर्थशास्त्र.

यंदा पान दोनशे चौदावर कामगार वस्त्यांतल्या पाळणाघरांचं अनुदान 'सुसूत्रीकरणात' गेलं होतं. सरकार गरिबाच्या पोराचा घास कधी काढून घेत नाही, सुसूत्र करतं. मावशींची भाची कपडे धुण्याच्या कारखान्यात सकाळपाळीला जाई, आणि तिची दोन वर्षांची लेक अशाच एका पाळणाघरात राही.

"ते बंद पडलं तर नोकरी सोडावी लागेल, मावशी."

"सोडू नकोस. आधी मी जाऊन येते."

अंदाजपत्रक समितीपुढे बोलायला मावशींच्या प्रार्थनामंडळाला तीन मिनिटं मिळाली होती. मंडळाचा रिवाज असा की प्रार्थनेशिवाय काम सुरू होत नाही, आणि धर्मगुरूंशिवाय प्रार्थना होत नाही.

"गुरुजी, अर्ध्या मिनिटात आटपा," मावशींनी जिन्यातच बजावलं.

"अहो, देवाला काय घड्याळ दाखवायचं?"

"देवाला नको. समितीला आहे."

गुरुजींनी अध्यक्षांना आरोग्य मागितलं, सदस्यांना सद्बुद्धी मागितली, सचिवांच्या कुटुंबाला सुख मागितलं. मुलांचा नंबर लागायच्या आत तीन मिनिटं संपली. घंटी मात्र वाजली नाही. निवडणूक तोंडावर, समोर वार्ताहर बसलेले. अशा वेळी चालू प्रार्थनेत घंटी वाजवायची कुणाची छाती आहे? अध्यक्ष हात जोडून, डोळे मिटून बसले होते. इतके भाविक ते घरीही नसावेत.

गुरुजी श्वास घ्यायला थांबले आणि मावशींनी डोळे मिटले.

"हे दयाघना, पान दोनशे चौदा, तळटीप तीन. तुझ्या अकराशे लेकरांची पाळणाघरं तिथे बंद होतायत. पान तीनशे दोनवर जवळपास तेवढ्याच पैशांत या दालनाला नवे गालिचे आलेत. ज्यांच्या हातून ही नजरचूक झाली त्यांना क्षमा कर. आणि उद्या सकाळपर्यंत ती त्यांच्या नजरेस पडू दे."

एका सदस्याच्या तोंडून सवयीने "तथास्तु" निघून गेलं. वार्ताहरांचे डोळे उघडेच होते, त्यांनी पानांचे आकडे टिपून घेतले.

चार दिवसांनी अनुदान परत आलं. सहा महिन्यांपुरतं. गालिचे पूर्ण वर्षाचे राहिले. प्रार्थनेत केवढं बळ असतं, यावर गुरुजी मंडळात पाऊण तास बोलले, आणि पहिल्यांदाच मावशींना त्यात खोट काढता आली नाही.

भाची मुलीला पाळणाघरात सोडून कामाला निघाली. "आणि सहा महिन्यांनी काय, मावशी?"

"तोवर ही अडीच वर्षांची होईल," मावशी म्हणाल्या. "हिलाही हात जोडायला शिकव. लहान मूल प्रार्थना करत असलं की मोठ्यांना मध्येच उठून जाता येत नाही."