अगाथाबाईंच्या मेसमधला गोठा

अगाथाबाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा लातूर हादरलं होतं. निदान आमच्या क्लासचा तसा समज झाला. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, पण पातेलं पडलं तरी लोक अजून अंगणात पळत. मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरून "चपात्या गार व्हाय लागल्यात" अशी गर्जना आली. तावदानं थरथरली, अख्खा वर्ग जिना उतरून रस्त्यावर, आणि सगळ्यांत पुढे मी. मेसच्या दारात लाटणं घेतलेली एक ठेंगणी बाई उभी होती.

"सर," ती म्हणाली, "पोरं मागं राहिली की."

बाई देगलूरकडच्या, जन्माच्या कॅथलिक. भूकंपानंतर सिस्टर लोकांच्या मदतकेंद्रात स्वयंपाकाला आल्या आणि इथंच राहिल्या. पुढं शिकवण्या फोफावल्या, गावोगावची पोरं आली, बाईंची मेस भरली. पण एवढा दणदणीत आवाज येशूचं नाव निघालं की गायब. जेवण वाढण्याआधी त्या डोळे मिटून पुटपुटत. कुणी विचारलं तर म्हणत, "मीठ घातलं का न्हाई, आठवून राहिले."

एका डिसेंबरात त्यांनी मेसच्या कोपऱ्यात कडबा पसरून, त्यात येशूच्या जन्माच्या मातीच्या मूर्ती ठेवून नाताळचा गोठा मांडला. चर्चचे फादर बघायला आले आणि म्हणाले, "चोवीस तारखेला पोरांना ही गोष्ट तुम्हीच सांगा."

बाई तडक माझ्याकडे आल्या. "सर, तुम्हीच सांगा की."

"मला त्यातलं काय कळतं?"

"पोरं म्हणतात, केमिस्ट्रीतलं बी कळत न्हाई, तरी सांगता." मग आवाज खाली आला. "ही उद्याची डॉक्टर पोरं. मी सातवी. एक प्रश्न आडवा आला की माझ्यापायी देवाचं हसं व्हायचं."

चोवीसच्या संध्याकाळी पोरं गोठ्यापुढं बसली. बाईंनी पदराला हात पुसले. "मरिया… योसेफ…" आवाज डासासारखा. मग त्या कडबाच सारखा करू लागल्या.

बैलांसाठी नावाजलेल्या देवणीच्या मन्मथनं वाकून पाहिलं. "मावशी, हा बैल आमच्याकडचा न्हाई."

सगळे हसले. मुखेडच्या लुंबिनीनं विचारलं, "पण बाळ गोठ्यात का? घर नव्हतं?"

"रूम मिळाली न्हाई गं."

पोरं पुढं सरकली. जूनमध्ये रूमसाठी वणवण न केलेलं तिथं कुणीच नव्हतं.

"तुमचे बाप ट्रंका घेऊन फिरले न्हाईत का दारोदार? तसंच," बाई म्हणाल्या. "गावात ही गर्दी. बाईचे दिवस भरलेले. जो तो म्हणतो, फुल हाय."

"मालकिणीनं पोट बघितलं तरी का?" लुंबिनी चिडली.

"बघितलं असंल. दार लावलं." बाईंचा आवाज आता चढू लागला. "देव म्हणला, न्हाई तर न्हाई, गोठा चालंल. जागा न मिळालेल्यांत तो आपणहून येऊन बसला. म्हणून मी त्याला धरून हाय. वाढायच्या आधी त्याच्यापुढं तुमचीच नावं घेते."

"म्हणजे मीठ आठवत न्हाई?" मन्मथनं विचारलं.

"ते बी आठवते."

मग मेंढपाळ आले, राजे आले, बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा आला; पोरांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि एकही आडवा आला नाही. ज्याचं उत्तर येईना त्याला बाई सरळ "ठाऊक न्हाई, फादरला विचारते" म्हणाल्या. मी वर्गात हे वाक्य आजवर उच्चारलेलं नाही.

फादरांनी त्यांना रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग दिला. पुढं बाईंचे गुडघे गेले, त्या लेकीकडे नांदेडला राहायला गेल्या आणि त्यांच्यासारखं सांगणारं कुणी न मिळाल्यानं तो वर्ग बंद पडला.