भिंतीवरचं लगीन

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्द ज्यानं कुणी काढला, त्याला एकदा श्रावणात आमच्या भिसेगावातल्या घरी आणून बसवायला पाहिजे. म्हणजे त्याला कळेल की श्रावणात कर्जतला टिकाऊ अशी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे बुरशी. मी हे अनुभवानं सांगतेय. एका भिंतीपायी मी पुठ्ठा, साड्या, गेरू सगळं करून बसलेय.

भिंत आमच्याच घराची, दर्शनी. माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे रंगारी बोलावून ती रंगवून घेतली. मधे कळस, दोन बाजूंना केळीचे खांब, वर दोन पोपट, त्यातला एक तिरळा. खाली ठसठशीत ऑइलपेंटमध्ये 'शुभविवाह' आणि भावाचं नि भावजयीचं नाव. ही भिंत मग पुसायची नसते. घरात पुढचं लग्न ठरलं की जुनी नावं जाऊन नवी येतात, तोवर ऊनपाऊस काय करेल ते करेल.

पुढं दोघांचं पटलं नाही. मारहाण नाही, लफडं नाही, गावाला चघळायला काही मिळालंच नाही. कोर्टातून रीतसर मोकळे झाले. ती माहेरी गेली, हा नेरळला भाड्याच्या खोलीत राहायला गेला, आणि नावं मात्र भिंतीवर सुखानं नांदत राहिली.

तेव्हापासून भाऊ घरी यायचा तो परसदारानं. मागे चपला काढायच्या, मोरीजवळ उभ्यानं चहा प्यायचा, की निघाला. ओटीवर पाय म्हणून ठेवायचा नाही. हळूहळू तेही येणं कमी झालं. यंदा तर फोनवर सरळ सांगून टाकलं, "गणपतीला मी नाय येत. तुमी करून घ्या." वडील गेल्यापासून गणपती तोच आणतो. आईनं फोन मांडीत ठेवला. मग म्हणाली, "ती नावं बघवत नाय गं त्याला." मला आईची दया आली, भावाचा राग आला, आणि सगळ्यात जास्त त्या तिरळ्या पोपटाचा आला.

"चुना मारून टाकू," मी म्हटलं.

"पुसायची नाय. अपशकून हाय."

"आता आणखी काय अपशकून व्हायचा राहिलाय?"

"तोंड आवर. पुसायची नाय."

ठीक आहे, पुसायची नाही ना, मग झाकू. मी साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, पुठ्ठ्याला तोटा नाही. मोबाइलवर एक बाई 'चला मैत्रिणींनो' म्हणत पाच मिनिटांत रद्दीचा राजवाडा करते. तिचं बघून मी पुठ्ठ्याच्या पाकळ्या कापल्या, चहाच्या पाण्यात रंगवल्या, चिकटवल्या आणि परातीएवढी फुलं भिंतीवर टांगली. संध्याकाळपर्यंत झकास. तिसऱ्या दिवशी झड आली आणि फुलांनी माना टाकल्या. पुठ्ठा चहात बुडवलेल्या पावासारखा लिबलिबीत झाला, एक फूल तर दूधवाल्याच्या डोक्यावरच पडलं. त्या मोबाइलवाल्या बाईच्या घरी पाऊस पडत नसावा.

मग आईच्या जुन्या साड्या काढल्या, त्यांच्या पट्ट्या फाडून वेण्या घातल्या आणि झालरीचा पडदा करून पूर्ण भिंतीवर सोडला. लाल, हिरवा, जांभळा, वर लेस. दिसायला, मी खोटं कशाला बोलू, बरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर ओटीवर दोन अनोळखी बायका पिशव्या घेऊन बसलेल्या. एकीनं विचारलं, "पिको-फॉल कधी करून मिळेल?" आईनं त्यांना चहा पाजला होता आणि एकीची साडी ठेवूनही घेतली होती. "नाय कसं म्हणायचं गं," म्हणे. तो फॉल मला लावावा लागला. पडदा मी त्याच दिवशी उतरवला.

राहिला गेरू. गेरूत पांढरा डिंक कालवायचा, भिंतीला दोन हात मारायचे, वर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढायची. आई दारात उभी राहून बघत होती. "पुसत नाय हां मी," मी आधीच सांगितलं, "वरून लावतेय." रविवारी मी भिंत लालचुटूक करून टाकली. नावं गेली, कळस गेला, तिरळा पोपट शेवटी मारला आणि मला फार बरं वाटलं.

तासाभरात शेजारची काकी आली. भिंत बघितली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "ठरलं का गं बाई तुझं? कळवायचं तरी!"

आता घ्या! माझी अक्कल गेली होती कुठं? भिंत कोरी झाली म्हणजे नवी नावं येणार, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. मी लग्न केलेलं नाही, करायचं नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण गाव माझ्यापेक्षा भिंतीवर जास्त विश्वास ठेवतं. "माझं काही नाही ठरलेलं," मी खेकसले. त्याचा परिणाम एवढाच झाला की काकीनं हिशेब मांडला. लेकीचं नाही, म्हणजे लेकाचं दुसरं.

बुधवारी भरपावसात मोटारसायकल येऊन थांबली. भाऊ. रेनकोटसकट तडतडत पुढच्या पायरीवरून थेट ओटीवर.

"कुणाला विचारून पोरगी बघितलीत?" तो ओरडला. "नेरळच्या बाजारात लोक पेढे मागतात माझ्याकडं! लाज हाय का तुमाला?"

"कसली पोरगी?" मी म्हटलं. "शुद्धीवर ये."

एवढ्यात मोटारसायकलचा आवाज ऐकून काकी कुंपणापाशी आलीच. "आलं का नवरदेव?"

आईचं डोकं सटकलं. ती ओटीच्या काठावर आली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्याचं नाय लगीन. पोरीचं पन नाय. माझं हाय! हळदीला येशील ना गं?"

काकी गेली ती गेलीच. भाऊ जो हसत सुटला तो खांबाला धरून खालीच बसला. कितीतरी दिवसांनी त्याला हसताना बघत होते मी. मला रडू फुटलं, आणि रडू आलं की मी भांडते. "हस! तुझ्यापायी केलं हे सगळं. पुठ्ठे कापले, साड्या फाडल्या, लोकांचे फॉल लावले. आणि तो बघ मेला गेरू!" ऑइलपेंटवर गेरू कधी धरत नाही, हे मोबाइलवाल्या बाईनं सांगितलं नव्हतं. पावसाच्या फवाऱ्यानं पोपडे सुटले होते आणि दोघांची नावं पुन्हा ठळक दिसायला लागली होती.

त्यानं मान वळवून नावं वाचली. शांतपणे.

"ताई, भिंतीनं माझं काय घोडं मारलंय?"

"मग मागल्या दारानं का येतोस चोरासारखा?"

तो रेनकोटची बटणं काढत बसला. मग म्हणाला, "तुमी दोघी इथं बसलेल्या असता. मी फाटकातून आलो की आधी भिंतीकडं बघता, मग माझ्याकडं. घरात कोण मेल्यासारखं. मी बरा असतो गं. फाटकापर्यंत चांगला बरा असतो."

गेरूचा डबा समोर होता, तो मी पायानं कोपऱ्यात सारला.

आई दाराकडे वळली. "बरं. नाय बघत," म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून दाराच्या चौकटीला विचारलं, "भाकरी खातोस?"

"खातो."

ओटीवरच पानं घेतली. मी त्याच्या शेजारी रस्त्याकडे तोंड करून बसले. आई डाळीचं पातेलं घेऊन आली ती मान पार कुंपणाकडे वळवून. तो खाता खाता म्हणाला, "मूर्ती सांगितलीत का? का मीच जाऊन येऊ उद्या?" आईनं तशीच न बघता डाव उलटा केला आणि गरम डाळ ताट सोडून त्याच्या मांडीवर.

"आई! ताटात वाढ की!"

"तूच म्हनालास ना रं, बघू नको."

तो मांडी झटकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, डाळीनं का कशानं कोण जाणे.

"बघ गं," तो म्हणाला. "थोडं बघ."